अर्ध्या डोंगरावरचा शुक्रवार

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेला प्रसाद, द्यायची, ही आम्हा पाद्र्यांची जुनी रीत. माझ्या यादीत कर्जतमधली चार घरं आणि पळसदरीच्या डोंगरावरची सोनुबाई. नन्सच्या होस्टेलात तिनं जन्मभर भाकऱ्या थापल्या, तिथंच बाप्तिस्मा घेतला आणि म्हातारपणी भावाच्या वाडीत परतली. अख्ख्या वाडीत ख्रिस्ती ती एकटीच. बारा वर्षांपूर्वी तिचा पाय मोडला, तेव्हा मी पहिल्यांदा वर चढलो. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकवला नाही.

खरं सांगतो, चार घरांना मी कर्तव्य म्हणून जातो. डोंगरावर जातो ते आवडतं म्हणून. खिशात कम्युनियनची डबी असली की वाटेत गप्पा मारायच्या नसतात. धरणाजवळचा चहावाला मोहियुद्दीन हे जाणतो. जाताना नुसता हात छातीला लावतो, परतताना चहा देतो. मग तासभर मी, डबीतला देव आणि चढ. सेमिनरीत मी देवाबद्दल पुष्कळ शिकलो, पण त्याच्यावर भार टाकायला शिकलो ते इथल्या घसरड्या मुरमावर. पुढचं पाऊल टिकेल की नाही ठाऊक नसतं, तरी टाकावं लागतं. श्रद्धा म्हणजे याहून वेगळं काही असेल, तर ते मला अजून कळलेलं नाही.

परवाच्या शुक्रवारी मात्र गुडघ्यानं दगा दिला. त्यात बिशपांचं पत्र आलेलं: मुंबईत लिफ्ट असलेलं चर्च आहे, तिकडे जा, रविवारपर्यंत कळवा. मी ठरवलं होतं, आज वाडीपर्यंत पोचलो तर इथंच राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. अर्ध्या वाटेवरच्या आंब्याखाली गुडघा असा अडला की बसलो तो बसलोच. वर सोनुबाई पहाटेपासून उपाशी असणार. कम्युनियनआधी चर्चचा नियम तासाभराच्या उपवासाचा, तिचा नियम मी येईपर्यंतचा. मला रडू आलं. देवाशी भांडलोसुद्धा.

तेवढ्यात वरून काठी टेकत सोनुबाईच आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

“उशीर झाला तवाच म्हनलं, फादरचा गुडघा धरला असंल.”

रीत मोडून मी बोललो, “मावशी, तू उतरलीस कशी? तुझा पाय?”

“तो कवाच बरा झाला. रेशनला, दवाखान्याला मीच उतरते की. बाजार बी माजाच हाय.”

“मग बारा वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“तुमी वर येता तवा तोंड कसं फुललेलं असतं! म्हनलं, फादरला डोंगर लागतोय, चढू दे.”

मी पोट धरून हसलो. बारा वर्षं मला वाटत होतं, मी म्हातारीला देव पोचवतोय. म्हातारी दर महिन्याला उपाशी राहून मला डोंगर पोचवत होती.

आंब्याखालीच तिला कम्युनियन दिली. मग दोघांनी भाकरी-ठेचा खाल्ला.

“आता हितंच भेटायचं,” ती म्हणाली. “अर्धा डोंगर तुमचा, अर्धा माजा.”

खाली मोहियुद्दीननं चहा पुढे केला. “आज लवकर आलात, फादर.”

तिथंच बाकड्यावर बसून बिशपांना उत्तर लिहिलं: गुडघा अर्ध्या डोंगरापुरता ठीक आहे. इथं तेवढा पुरतो.