बोटाने बघणं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वॉर्डातल्या खाटांनाही ठाऊक आहे. त्यामुळे मी चिमणीचा अहवाल लिहायला बसले तेव्हा आसपास कुणी फिरकलं नाही. चिमणी म्हणजे माझ्या हाताखाली सर्जरी शिकणारी शेवटच्या वर्षाची डॉक्टर. आवाज बारीक, हात मात्र झकास. पण ती एक गोष्ट करत नव्हती, आणि ती न करणाऱ्याला मी पास करत नाही.

ती गोष्ट म्हणजे आमच्या सरांची पद्धत. रक्तवाहिनी कापण्याआधी मान उजवीकडे वळवायची, तर्जनी आत घालून वाहिनी चाचपायची, 'हं' म्हणायचं आणि मगच कात्री चालवायची. सरांचे शिष्य आज जिथे जिथे शिकवतात, तिथे हेच शिकवतात. मी तर त्याची छापील पत्रकं वाटते. चिमणी मान सरळ ठेवून बघायची आणि कापायची. तीनदा बजावलं. तीनदा 'हो मॅडम' म्हणाली आणि चौथ्यांदा पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मी लिहिलं, आणखी एक वर्ष शिकावं लागेल. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात सर आले. ऐंशीच्या घरातले, मूलबाळ नाही, मोतीबिंदू दाखवायचा होता. मीच त्यांना डोळ्यांच्या विभागात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं की डाव्याचं ऑपरेशन करू, उजव्याचं करून काही उपयोग नाही, आतली नस कधीच मेलेली आहे. उजवा कधी गेला, असं त्याने सहज विचारलं.

"अडतीस वर्षं झाली," सर म्हणाले. "चेंडू लागला होता."

मी सरांच्या हाताखाली आले त्याला एकतीस वर्षं झाली. आकडे डोक्यात जुळले. म्हणजे मी त्यांना पहिल्यांदा कापताना पाहिलं, तेव्हाही तो डोळा गेलेलाच होता. मी माझा उजवा डोळा झाकून सरांकडे बघितलं. डॉक्टरला वाटलं मलाही डोळे दाखवायचेत.

बाहेरच्या बाकावर सर डोळ्यांत थेंब घालून शांत बसले होते. मी काही विचारायच्या आधीच बोलले.

"डावा डोळा समोर यावा म्हणून मान वळवायचो. पण एका डोळ्याने खोली कळत नाही. वाहिनी किती आत आहे, ते बोटाला विचारावं लागायचं."

मग ते आम्हाला कशाला शिकवलंत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. समोरून जाणारी नर्स थबकली.

"मी शिकवलं नाही गं. पहिल्या तुकडीतला एक जण माझी नक्कल करायला लागला. मी त्याला शाबासकी दिली. सगळेच तसं करायला लागले, की माझं वेगळं कुणाला दिसणार नव्हतं. एकाने विचारलं होतं, बोट कशाला म्हणून. फार चांगला हात होता त्याचा. त्याला मी काढून टाकलं."

त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. बोट न घालणाऱ्या दोघांना मीही काढलं होतं, आणि तेही सरांची शान राखली म्हणून छाती फुगवून. त्याहून वाईट म्हणजे, चाचपताना माझ्या बोटाखाली तीनदा वाहिनी फाटली होती. दोघी वाचल्या. तिसरा, शाळेत चित्रकला शिकवणारा, वाचला नाही. त्याच्या बायकोला मी सांगितलं होतं की वाहिनीच कमजोर होती. तेव्हा ते मला खरंच वाटलं होतं. माझे दोन्ही डोळे तर ठणठणीत होते, मग ते बोट तिथे गेलंच कशाला?

मी खोलीत जाऊन अहवाल फाडला आणि नवा लिहिला. त्यावर सही केली. चिमणी पास झाली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. चिमणी समोर उभी होती. वाहिनी समोर आली आणि माझी मान आपोआप उजवीकडे वळली. मी ती सरळ केली. लख्ख दिसत होतं, कुठे आणि किती आत, सगळं. मी कात्री पुढे नेली आणि हात तिथेच अडला. बोट आत गेल्याशिवाय तो पुढे सरकेना. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. एकतीस वर्षांत मी कधी नुसतं बघून कापलंच नव्हतं. भूल देणारे डॉक्टर पडद्यावरून डोकावून बघू लागले. लाजेने माझे कान तापले.

मी कात्री चिमणीच्या हातात दिली.

"तू काप. आणि काय बघतेस, कसं ठरवतेस, ते बोलत बोलत कर. मला येत नाही."

मी थट्टा करतेय की परीक्षा घेतेय, ते तिला कळेना. मग तिने खाली बघितलं आणि बारीक आवाजात सांगायला सुरुवात केली. मी पंचावन्न वर्षांची बाई, मान सरळ ठेवून ऐकत राहिले.