डोळ्यातला किडा

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो डोळे चोळत होता. महाराजांनी एका बाईच्या पापणीत काडी फिरवली, पांढरा चिकट दोरा ओढून काढला आणि वाटीतल्या तीर्थात सोडला. दोरा आकसला, वळवळला.

"किडा! जिवंत आहे!" लोकांनी हात जोडले.

कापसाच्या गाद्या भरून विकणाऱ्या गादीवाल्याने तोंड फिरवलं. पण त्याच्या पोरीचे डोळे महिनाभर लाल होते, पापण्या सुजल्या होत्या, आणि मेहुणीने त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं.

महाराजांनी पोरीच्या डोळ्यातूनही किडा काढला. मग डोळे मिटून म्हणाले, "हिची आई गेलीये. तिचा जीव लेकीत अडकलाय. तीच किडा होऊन खाजवते."

"बघा, न सांगता ओळखलं!" मेहुणी म्हणाली. खाली रांगेत महाराजांच्या चेल्यापाशी बहिणीचं आजारपण तिनेच सगळं सांगितलं होतं, हे ती विसरली.

घरी जाताना पोरीने विचारलं, "बाबा, आई मला का त्रास देते?"

गादीखान्यात कापूस पिंजायला लागले की त्याची बायको पोरीच्या डोळ्या-तोंडावरून पातळ ओढणी बांधून तिला बाहेर पिटाळायची. ती गेल्यापासून पोर तिथेच खेळायची. आणि हा भोंदू त्या बाईला किडा म्हणत होता!

महाराजांनी डोळ्यात घालायला दिलेल्या थेंबांनी खाज थांबायची, म्हणून तो तिला पुन्हा पुन्हा नेत राहिला. किडे मात्र दर फेरीला निघतच होते. मग एका संध्याकाळी पोर म्हणाली, "बाबा, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय." तो घाबरला. पोरीच्या डोळ्यातून स्वतः काढलेला ताजा किडा डबीत, थेंबांची बाटली खिशात, असा तो सरकारी दवाखान्यात गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. मग किडा काचेवर पसरला, रंग टाकला आणि गादीवाल्याला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

"तोंड, शेपूट दिसतं काही?"

"नाही हो. नुसते लाल ठिपक्यांचे गोळे."

"त्या तुमच्या लेकीच्याच पेशी. शरीराचे पहारेकरी म्हणा. हिच्या पहारेकऱ्यांना कापसाची धूळ म्हणजे शत्रू वाटते. ते बोंब ठोकतात, डोळा सुजतो, असा चिकट दोरा बनतो. काढाल तितका पुन्हा येतो."

"मग मला का नाही होत काही?"

"त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात, 'पुरे आता' म्हणणाऱ्या. तुमच्यात त्या वेळेवर आवरतात. हिच्यात कमी पडतात, म्हणून दुखणं जास्त." त्यांनी बाटली उचलली. लेबल खरवडलेलं होतं. "हे बहुतेक स्टेरॉइड. सगळ्यांचीच तोंडं बंद करतं. आम्हीही देतो, पण डोळ्याचा दाब मोजून. हिचा वाढलाय, म्हणून ते रंगीत कडं दिसतं. आणखी उशीर केला असता तर नजर गेली असती."

"पण वाटीत वळवळतो कसा?"

पोर मध्येच म्हणाली, "तीर्थाला इंजेक्शनच्या बोळ्याचा वास येतो."

बाईंनी बशीत स्पिरिट ओतलं आणि उरलेला दोरा सोडला. दोरा आकसला, वळवळला.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच गर्दीत पोर वाटीपाशी गेली. जोरात नाक शिंकरलं, शेंबूड तिथल्या काडीवर घेतला आणि तीर्थात टाकला.

शेंबूड आकसला, वळवळला.

"महाराज, हा कुणाचा जीव?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज ओरडले, "अपवित्र केलं! तीर्थ बाटवलं!"

"तीर्थ कसलं? स्पिरिट आहे ते!" गादीवाला म्हणाला. "लोकांच्या डोळ्यातला मळ काढून त्यालाच नमस्कार घालायला लावतोस, लाज नाही वाटत?"

अर्धी खोली रिकामी झाली. अर्धी तिथेच बसून डोळे चोळत राहिली. ते पाहून त्याला महाराजापेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

"अरे, डोळा खाजतोय तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा," तो म्हणाला. "गेलेल्या माणसांना कशाला त्यात ओढता?"

गर्दीत बसलेली मेहुणी मान खाली घालून उठली.

घरी आल्यावर त्याने पोरीचा खेळ गादीखान्यातून मागच्या खोलीत नेला. कापूस पिंजायला घेण्याआधी खुंटीवरची बायकोची ओढणी धुतली, वाळवली आणि पोरीच्या डोळ्या-तोंडावरून बांधली.

"आई अशीच बांधायची," पोर म्हणाली.

"हो. धूळ जाऊ नये म्हणून."