उजवं-डावं

पद्मजाबाईंनी मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं विणकाम शिकवलं. पोरीपोरींत मी कधी उजवं-डावं केलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. हातांच्या बाबतीत मात्र सगळा उलटा न्याय. डाव्या हातात सुई दिसली की पट्टी बसायची. आणि नशीब बघा, सून मिळाली ती जन्माची डावखुरी. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत अदितीनं डाव्या हातानं वाढायला घेतलं, आणि सासूबाईंनी चारचौघांत तिच्या हातातली पळी काढून घेतली. तेव्हापासून सहा वर्षं ती त्यांच्यादेखत सगळं उजव्यानंच करत होती, सांडत-लवंडत.

मग पद्मजाबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात धडधाकट होता, पण त्या हातानं घास तोंडात घालायला बाई तयार नव्हत्या. पाच महिने अदितीच भरवत होती. तेही उजव्यानं.

त्यांनी विणलेला शेवटचा रुमाल तेव्हापासून कपाटात सुयांवरच होता. पांढऱ्या दोऱ्याचा, जाळीदार, चौरंग झाकेल एवढा गोल. चार सुयांवर दोनशे चाळीस टाके, आणि फक्त क्रोशानं कड बांधायची राहिलेली. आज सकाळी कपाट पुसताना कामवाल्या धोंडुबाईंच्या फडक्यात एक सुई अडकून निम्मी बाहेर आली. उघडा टाका सुटला की खालची ओळ उसवते, मग तिच्या खालची, थेट मध्यापर्यंत. आपला हात पुन्हा विणणार नाही हे पद्मजाबाईंना कळून चुकलं होतं. हा रुमाल गेला तर पुन्हा होणार नव्हता.

"क्रोशा घे," त्या अदितीला जड जिभेनं म्हणाल्या. "उजव्या हातात."

तीन टाके एकदम उचलायचे, दोरा ओढून त्यांचा झुबका बांधायचा, आठ साखळ्या घालायच्या, मग पुढचे तीन. अदितीची बोटं घामानं ओली झाली. समोर सासूबाई पापणी न हलवता बसलेल्या. तीस झुबके जमले. एकतिसाव्याला क्रोशा कलला, दोनच टाके वर आले. तिसरा डोळ्यांदेखत खाली सरकला. एक ओळ. दोन. तीन. पद्मजाबाईंच्या घशातून नुसताच आवाज निघाला.

क्रोशा कधी डाव्या हातात आला ते अदितीला कळलंच नाही. तिनं पळता टाका पकडला, सुटलेले आडवे दोरे त्यातून एकेक करून ओढले आणि तो वर आणला. मग तिचं हाताकडे लक्ष गेलं. भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग, सहा वर्षांचा.

"आई, हा हात चालत नसंल तर घ्या तुमचा रुमाल. उजव्यानं आता एक टाका उचलणार न्हाय मी."

उघडे टाके तसेच लोंबत होते. मग त्यांचा डावा हात पुढं आला आणि त्यांनी ते टाके चिमटीत धरले.

"कर," त्या म्हणाल्या.

डाव्या हाताची वाट उलटी, म्हणून अदितीनं रुमालच उलटा केला आणि मागच्या बाजूनं कड पुढं नेली. ती बांधत गेली तसतशी सासूबाईंची चिमूट पुढं सरकत राहिली. शेवटचे तीन टाके उरले तेव्हा पद्मजाबाईंनी क्रोशासाठी डावा हात पसरला. अदिती समोरून उठून त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं तो कसा धरायचा ते दाखवलं. दोनदा दोरा निसटला. तिसऱ्यांदा आला.

रुमाल टेबलावर पसरला. मास्तरीणबाईंचं बोट कडेवरून फिरत एकतिसाव्या झुबक्यावर थांबलं.

"हितनं डावा हाय," त्या म्हणाल्या. "दिसतंय."

आता उसव म्हणणार, असं अदितीला वाटलं.

"ताट वाढ," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डावा तळवा टेबलावर ठेवला. "चमचा ह्या अंगाला ठेव."