कृष्णातमामांचं घमेलं

कृष्णात साळुंखेच्या मते पावणे एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात अक्कल असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे तो स्वतः. बाकी सगळी खोगीरभरती. सुपरवायझर प्रसादला साधी स्टेपनी बदलता येत नव्हती. आवार झाडणारी सुनयना दोन बिस्किटांत पुण्य कमवायला निघालेली. आणि ती बिस्किटं खाणारी काळी कुत्री चंपी तर ऐतखाऊंची राणी.

चंपीचा मुक्काम कृष्णातच्याच बसखाली. कामगारांची ने-आण करणारी ती बस इतकी जुनाट, की रेडिएटर सदा ठिबकायचा. आवारात नवे पेव्हर ब्लॉक बसले, तेव्हा डाग पडू नयेत म्हणून कृष्णातने खाली घमेलं सरकवलं. रेडिएटरात तो नळाचं पाणी भरायचा, तेच घमेल्यात गळायचं आणि चंपी तेच प्यायची. चार वर्षं असंच चाललं होतं. सकाळी रात्रपाळीच्या कामगारांना घेऊन गाडी काढण्याआधी तो पुढच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा, "ऊठ गं भवाने" म्हणायचा, की चंपी आळस देत बाहेर यायची. यात माया-बिया काही नाही, चाकाला घाण लागू नये म्हणून करतो, असं तो कुणी न विचारताही सांगायचा.

उन्हाळ्यात गाडी दोनदा तापली. प्रसादने रेडिएटरात पाण्याऐवजी घालायच्या कूलंटचा कॅन आणून दिला. कृष्णातने नाक मुरडत तो ओतला. संध्याकाळपर्यंत घमेल्यात हिरवं पाणी जमलं.

सुनयना रिकामा कॅन हातात घेऊन आली. "मामा, यावर लिवलंय, विषारी हाय म्हनून. गोड लागतं, जनावरं पितात. घमेलं उचला ना."

"आता तू मला इंजिन शिकव! तीस वर्षं गाडी चालवतुया मी. चार वर्षं पितीया ती, काय झालं तिला? कुत्र्याला काय बी पचतंय."

तिने स्वतःच घमेलं उचलून गटारात ओतलं. "माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई," म्हणत कृष्णातने ते हिसकावलं आणि पुन्हा इंजिनाखाली ठेवलं. सुनयनासमोर मागे हटला असता तर त्याची अब्रू गेली असती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपी झोकांड्या खात बाहेर आली. "गावात हळद हुती वाटतं काल, ढोसून आलीया," कृष्णात म्हणाला. कामगार खो-खो हसले. तिसऱ्या दिवशी तिने बिस्कीट हुंगलंसुद्धा नाही. सुनयना अर्ध्या दिवसाचा खाडा करून, तिला पोत्यावर निजवून रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. दुपारी ती परत आली, ते नुसतं पोतं घेऊन.

"टेन्शन नका घेऊ, मामा," प्रसाद मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "कुत्र्याला काय पन पचतं म्हनतात. हिला नाय पचलं."

कृष्णातला त्याची शिसारी आली. हा माणूस आहे की दगड, असं त्याच्या मनात आलं. मग ते वाक्य कुणाचं हे त्याला आठवलं.

सकाळी त्याने सवयीने पत्र्यावर दोन थापा मारल्या. थांबला. पुन्हा दोन मारल्या.

"मामा, काढा की गाडी!" आतून कामगार ओरडले.

तो गुडघ्यावर हात टेकून बसखाली बघत राहिला. घमेलं सुनयनाने केव्हाच नेलं होतं. ती जवळच झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, "खाली कोनी नाय, मामा. काढा गाडी."