चौथा व्हॉल्व्ह

"आतून पोकळ आहे," असं म्हणून ह्यांनी तो व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. "बघ किती हलका."

अहो, हाताचं पीठ तरी धुऊ द्या, असं मी म्हटलं. ते हसून मान हलवत राहिले. म्हणजे मी काय बोलले ते त्यांना ऐकू आलेलं नव्हतं.

व्हॉल्व्ह दिसायला नेहमीसारखाच होता. चपटं गोल डोकं आणि त्याला बोटाएवढा जाड दांडा. डोक्याची कड एका बाजूनं जळून झिजलेली. असे बाद झालेले व्हॉल्व्ह आमच्या घरी पूर्वीपासून येत आलेत. हे कारखान्याच्या टेस्टरूममध्ये मिस्त्री. तिथं नवं इंजिन रात्रंदिवस पळवून बघायचं आणि त्यातलं जे जळेल, झिजेल ते भंगारात टाकायचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर सोडणारं दार. सतत आगीच्या तोंडाशी बसायचं, म्हणून त्याचं पोलाद फार चिवट. असला व्हॉल्व्ह फेकायचा नसतो, त्याचं हत्यार करायचं, ही तिथल्या मिस्त्रींची जुनी रीत. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही. आमच्याकडे हे हत्यारांचं काम माझा दीर करायचा. मागच्या शेडमध्ये त्याची भट्टी, ऐरण आणि पाण्याचं टीप. व्हॉल्व्हचं डोकं कापायचं, दांड्याला धार लावायची, की झाली छिन्नी. आठवडी बाजारात गवंडी त्याचं दुकान शोधत यायचे.

हा दीर म्हणजे माझं पहिलं पोर म्हणा ना. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या कमरेला लागत होता. आता मिशीत पांढरे केस आलेत, तरी मी हाक मारल्याशिवाय जेवायला उठत नाही. लग्नाचं काढलं की म्हणतो, एवढं छान चाललंय, कशाला कोणाच्या पोरीचं वाटोळं करतेस. असा आहे.

तर त्या दिवशी ह्यांनी चार व्हॉल्व्ह आणले होते. मी एक-एक हातात घेऊन बघितला. मला तो हलकेपणा आवडला नाही. का, ते सांगता येणार नाही. नारळ हातात घेतल्यावर तो खराब निघणार हे फोडायच्या आधीच कळतं ना, तसं झालं. मी ह्यांच्या समोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून विचारलं, पोकळ कशाला केले? वजन कमी करायला, असं ते म्हणाले. कोणी सांगितलं, असं विचारलं. तर परत हसले आणि मान हलवली.

ही मान हलवण्याची भानगड सांगायलाच हवी. कारखान्यात ह्यांना कानमिस्त्री म्हणतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. मग कुठला डिझेलचा नोझल ठिबकतोय, कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, ते बरोबर सांगायचं. ते कसब खरंच आहे, अजूनही आहे. पण जन्मभर त्या धडधडाटात उभं राहून कान गेले. हाडातून इंजिन ऐकू येतं, माणसं येत नाहीत. आणि हे कोणाला कळलं तर टेस्टरूममधून उचलून कुठंतरी गोदामात बसवतील, ही ह्यांना धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून कोणी काही बोललं की नंदीबैलासारखी मान हलवायची. चालू इंजिनापाशी तिथं सगळेच खुणांनी बोलतात, सगळेच माना हलवतात, त्यामुळे ते खपून गेलं. घरी मी किती वेळा म्हटलं, अहो, एखाद दिवस कोणी म्हणेल तुमचं घर पेटलंय, आणि तुम्ही हो हो म्हणाल. त्यावरही मान हलवली.

त्या वर्षी नवं इंजिन चाललं होतं. त्यावर नेमलेली इंजिनिअरबाई मोठी हुशार आणि मनानं साधी. डिझेलची फवारणी इतकी बारीक करायची की इस्त्रीआधी कपड्यावर आपण पाणी शिंपडतो तसे थेंब नकोत, धुकं हवं, असं तिचं म्हणणं. त्यासाठी इंजेक्टर बदलले, दाब वाढवला. इंजिन जोरात पळायला लागलं, धूर कमी झाला, पण आतली आग इतकी वाढली की नेहमीचे व्हॉल्व्ह भराभर जळायला लागले. मग तिनं व्हॉल्व्हच नवे बनवून घेतले. एवढं ह्यांनी मला सांगितलेलं. बाकीचं, आतून पोकळ वगैरे, ह्यांनी हातात घेऊन स्वतःच ठरवलं होतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी इंजिनिअरबाई अचानक आमच्या दारात. हातात मिठाईचा डबा. इंजिन परीक्षेत पास झालं होतं. एका नोझलचं ठिबकणं मिस्त्रींनी वेळेवर पकडलं, नाहीतर पिस्टन गेला असता, म्हणून मुद्दाम आले, असं म्हणाली. हे इतके खूश झाले की खुर्ची पुसायला स्वतःचा रुमाल काढला. मी चहा ठेवला. मागून दिराच्या करवतीची करकर येत होती. सुट्टी असो नसो, त्याचं काम चालूच असायचं.

मी चहा देता देता सहज विचारलं, व्हॉल्व्ह पोकळ करून वजन किती कमी झालं हो?

"पोकळ कुठं?" ती म्हणाली. "आत सोडियम भरलंय. तापलं की ते वितळतं, दांड्यात वरखाली हिंदकळतं आणि डोक्याची उष्णता वर घेऊन येतं. म्हणून तर कड पूर्वीसारखी भराभर जळत नाही. फक्त पाण्याशी त्याचं वैर. पाणी लागलं की स्फोट. म्हणून मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगितलं, यातला एकही बाहेर न्यायचा नाही, कापायचा नाही. कुलपाची पेटी यायची होती, तोवर तोंडीच. हो ना मिस्त्री?"

हे हसून मान हलवत होते.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की मागची करकर थांबलीय.

मागच्या दारातून दीर आत आला. एका हातात व्हॉल्व्हचं कापलेलं डोकं, दुसऱ्या हातात दांडा. "वहिनी, गंमत बघ," तो म्हणाला. "याच्या आत लोणी भरलंय." आणि हातांची काजळी धुवायला म्हणून तसाच सरळ मोरीच्या नळाकडे गेला.

कप माझ्या हातून कसे पडले मला ठाऊक नाही. मी त्याचं मनगट धरलं तेव्हा दोन्ही तुकडे त्या हातात होते आणि दुसरा हात नळाच्या तोटीवर. नळ सुटला नव्हता. मी ते मनगट इतकं आवळलं होतं की त्याला बोटं सोडवून घ्यावी लागली. बाई धावत आली. रॉकेल आहे का, असं तिनं विचारलं. एका डब्यात रॉकेल ओतून दोन्ही तुकडे त्यात बुडवले आणि मग ती तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली.

दिराला आमची चेष्टाच वाटत होती. एवढंसं लोणी ते काय करणार, असं म्हणाला. बाईनं ऐकून घेतलं. मग चाकूच्या टोकानं त्यातला डाळीच्या दाण्याएवढा कण काढला, आम्हाला सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि लांबूनच तो शेडमधल्या टिपात फेकला.

आधी नुसतं फसफसलं. मग असा काही बार झाला की टीप जागच्या जागी उडालं, पाणी पत्र्यापर्यंत गेलं, शेजारीण कुंपणाशी धावत आली. माझ्या कानात कितीतरी वेळ शिट्टी वाजत होती. दिराचं हसू मावळलं. त्याच टिपात तो रोज कोपरापर्यंत हात घालायचा.

तेवढ्यात हे म्हणाले, "उडालं खरं. पण आवाज काही फारसा नाही झाला."

बाई ह्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड दुसरीकडे वळवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, मी पहिल्या दिवशी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

ह्यांनी मान हलवली.

तिनं तसंच, तोंड वळवूनच, पुन्हा विचारलं. ह्यांनी पुन्हा मान हलवायला सुरुवात केली आणि त्यांना माझा चेहरा दिसला. मान अर्ध्यात थांबली. इतकी वर्षं मी त्या मानेची थट्टा करत आले. त्या दिवशी ती थांबलेली मला बघवेना.

दीर शेडमध्ये जाऊन उरलेले व्हॉल्व्ह घेऊन आला. दोनच होते. "दादा, तू चार आणलेस ना," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच आठवलं. एकाची छिन्नी त्यानं आधीच केली होती. तिचं डोकं तसंच ठेवलं होतं, हातोडी मारायला बरं पडतं म्हणून. फक्त टोक घासून धार लावली होती. ती मागच्या बाजारात गेली. कोणी घेतली? एक उंचसा माणूस होता, घाईत होता, भाव न करता घेऊन गेला. गवंडी असेल. नसेलही.

बाईनं आम्हाला समजावून सांगितलं, ह्यांना समोर बसवून, सावकाश. दांड्याचं टोक थोडं भरीव असतं. त्यानंतर सोडियम. छिन्नी बोथट झाली की तो माणूस तिला धार लावणार, प्रत्येक वेळी थोडं पोलाद जाणार. कधीतरी सगळं भरीव संपेल. किती धारांनंतर, ते ती सांगू शकत नव्हती. आणि धार लावून तापलेली छिन्नी माणूस कशात बुडवतो, हे तिनं आम्हाला सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. मी ह्यांच्यावर फार चिडले होते, आणि ह्यांची फार कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम वाटत असल्यामुळे नुसती भांडी आपटत होते. भांड्यांचा तो आवाज ह्यांना येत नव्हता, म्हणून आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी हे कारखान्यात गेले आणि साहेबांच्या पुढ्यात उभे राहून म्हणाले, मला ऐकू येत नाही, पुष्कळ दिवसांपासून येत नाही. हे मला बाईनंच नंतर सांगितलं. तिला स्वतःलाही बरंच ऐकून घ्यावं लागलं. कुलपाची पेटी त्याच दिवशी आली. ह्यांना टेस्टरूममधून काढून गोदामात बसवलं. ज्याची जन्मभर धास्ती घेतली ते एका सकाळीत झालं, आणि ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कारण डोक्यात दुसरंच काही नव्हतं, चौथा व्हॉल्व्ह सोडून.

आता दर बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं दिराच्या जागेवर बसतो. पुढ्यात चांगल्या पोलादाच्या नव्या छिन्न्यांचा ढीग. जुनी छिन्नी द्या, नवी घेऊन जा, वर काही द्यायचं नाही. लोकांना आधी वाटलं ह्यांना वेड लागलंय. आता लांबून लांबून गवंडी येतात. हे प्रत्येक जुनी छिन्नी तळहातावर घेतात, डोळे मिटून तोलतात आणि बाजूला ठेवतात. ती सापडलेली नाही.

एका म्हाताऱ्या गवंड्यानं परवा काहीतरी सांगितलं, उंच माणूस, नवी छिन्नी, असं काहीतरी. आधीचे हे असते तर हसून मान हलवली असती. ह्यांनी कानामागं हात धरला आणि बाजाराच्या मधोमध मोठ्यानं म्हणाले, "मला ऐकू येत नाही. परत सांगा. सावकाश सांगा." आजूबाजूची माणसं बघायला लागली. ह्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्यानं तीनदा सांगितलं, ह्यांनी तीनदा ऐकलं. तो उंच माणूस दुसराच निघाला. पण माझ्या नवऱ्याबद्दल मला इतका अभिमान लग्नात हार घालतानाही वाटला नव्हता.

बाजाराच्या पलीकडून मोठा रस्ता जातो. कधी एखाद्या ट्रकचं टायर फुटतं, कधी कुठंतरी दगड फोडायला सुरुंग लावतात. बार झाला की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. ह्यांना आवाज येत नाही, पण त्या माना दिसतात. हातातली छिन्नी खाली ठेवून ते माझ्या तोंडाकडे बघतात. टायरचा बार कसला आणि तसला बार कसला, लांबून मला तरी कुठं कळतंय?

मी मान हलवते. टायरच, म्हणून. ते थोडा वेळ बघत राहतात आणि मग पुढची छिन्नी उचलतात.