ओटीपी मागणारा माणूस

भाईदास तायडे वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एकतीस वर्षं स्टोअरला होते. सही झाल्याशिवाय खिळासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. दूधवाल्याचं माप ते दोनदा बघायचे.

नोव्हेंबरात ते आणि रुक्माबाई दोंडाईच्याला लेकीकडे, संघमित्राकडे, चार दिवस राहून आले. रुक्माबाईंच्या बहिणीने सुरतला नवं घर घेतलं होतं, जानेवारीत तिथे जायचं होतं. जावई प्रशील म्हणाला, माझ्या ओळखीचा समाधान ऑनलाइन तिकिटं काढून देतो. स्टेशनजवळ त्याचं लहानसं दुकान होतं, झेरॉक्स आणि तिकिटांचं. भुसावळ ते सुरत, दोघांची तिकिटं तिथेच निघाली.

जायला आठ दिवस असताना रुक्माबाई ओट्यावरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर बसलं. भाईदासांनी दुकानात फोन करून बायको आजारी आहे एवढंच सांगितलं आणि तिकिटं रद्द करायला लावली. दुसऱ्या दिवशी समाधानचा फोन आला. रिफंड आलाय, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा म्हणजे पैसे पाठवतो.

भाईदासांनी फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला.

बँकेत जाऊन विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पोलीस चौकीतला हवालदारही तेच म्हणाला, मागतो तो चोर समजायचा. भाईदासांना बरं वाटलं. आपण वाचलो.

पण चार दिवसांनी वेगळ्या नंबरवरून एका बाईचा फोन आला. मी दिपमाला, समाधानभाऊंच्या दुकानातून बोलतेय, तो ओटीपी राहिलाय, असं सांगून तिने मावशींच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार म्हणून विचारलं.

भाईदासांनी हाही फोन कापला. प्लास्टरचं हिला कोणी सांगितलं? दुकानात तर त्यांनी नुसतं आजारी म्हटलं होतं. पायाचं फक्त लेकीच्या घरी माहीत होतं. लेक असं करणार नाही. मग राहिला कोण?

प्रशीलचं मोबाइलचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. आता तो एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. समाधानकडे नेलं त्यानेच. तिकीट काढताना भाईदासांचा मोबाइल हातात होता त्याच्याच. एकेक गोष्ट जोडत गेलं की सगळं जुळायचं. पुढचा आठवडाभर संघमित्राचा फोन आला की ते रुक्माबाईंकडे द्यायचे. जावयाची चौकशी केली नाही, आणि रुक्माबाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, काही नाही, घसा बसलाय.

शेवटी एका सकाळी पेन्शनच्या कामाला भुसावळला जातो असं सांगून निघाले आणि सुरत पॅसेंजरमध्ये बसले. दोंडाईच्याला उतरले ते लेकीच्या घराकडे गेलेच नाहीत. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसून नुसतं बघत राहिले. दुकान उघडं होतं. समाधान होता. शेजारी झेरॉक्स काढणारी बाई तिथे कामाला दिसत होती. माणसं येत होती, तिकीट घेऊन जात होती. चोराचं दुकान असं चालेल का? की असंच चालतं?

ते आत गेले. समाधानने लगेच ओळखलं, खुर्ची दिली. भाईदास बसले नाहीत. आधी त्यांनी पायाचं विचारलं.

"संघमित्रा मॅडमनी सांगितलं," झेरॉक्स काढणारी बाई म्हणाली, तीच दिपमाला. "शाळेचे पेपर झेरॉक्सला आणतात ना त्या. तुम्ही फोन उचलत नव्हता, म्हणून मी तुमची चौकशी केली."

"आणि ओटीपी कशाला पाहिजे?"

समाधानने त्यांचाच मोबाइल मागितला. भाईदासांनी दिला नाही, स्वतःच तो मेसेज उघडला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. इंग्रजी होता, पण कळत होता. ओटीपी हा शब्द दिसताच त्यांनी तेव्हा वाचणं सोडलं होतं. पुढे लिहिलं होतं, रिफंड मिळवण्यासाठी हा आकडा तुमच्या एजंटला सांगा.

"बठ्ठासले हाऊच मेसेज येस, आबा," समाधान म्हणाला. सगळ्यांनाच हा मेसेज येतो म्हणून त्याने समजावलं. एजंटाने पैसे परस्पर खाऊ नयेत म्हणूनच रेल्वेने हा आकडा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलाय. पण लोक तो सांगायलाच घाबरतात. त्याच्याकडे असे बरेच रिफंड अडकले होते.

त्याने ओटीपी पुन्हा पाठवला. भाईदासांनी एकेक आकडा वाचून दाखवला. पाच मिनिटांत पैसे हातात आले. ते पैसे खिशात घालतात तोच दारात संघमित्रा दिसली. शाळा जवळच होती, दिपमालानेच तिला फोन केला होता.

"बाबा, तुम्ही इथे आलात आणि घरी नाही आलात?"

भाईदासांना पेन्शनचं कारण इथे सांगता येईना. ते म्हणाले, "मला प्रशीलचा संशय आला होता."

संघमित्रा म्हणाली, "त्यांना सगळं माहीत आहे. तुम्ही ओटीपी देत नाही हे दिपमालाताईंनी सांगितलं, तेव्हा मी यांना म्हटलं, तुम्हीच बाबांना समजावा. तर म्हणाले, मी बोललो की त्यांना वाटेल, मीच पैशांच्या मागे आहे."

क्लासचा पत्ता विचारून भाईदास एकटेच गेले. आत प्रशील वीसेक मुलींना शिकवत होता. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तास सुटल्यावर तो बाहेर आला, त्यांना बघून थबकला आणि म्हणाला, "जय भीम, मामा."

"जय भीम. मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"मला माहीत होतं."

"राग नाही आला?"

"आला," प्रशील म्हणाला. "अजून आहे."

प्रशीलने मोटरसायकल काढली, रुमालाने मागची सीट पुसली आणि जेवायला घरी चला म्हणाला. बसण्याआधी भाईदासांनी रुक्माबाईंना फोन लावला. मी भुसावळला नाही, दोंडाईच्याला आहे, म्हणाले, आजची रात्र इथेच राहतो, का ते घरी आल्यावर सांगतो.