पडदे लावायला गेलो आणि जेवून आलो

गल्लीच्या टोकाला व्हिएतनामी खानावळ उघडली तेव्हा मीच म्हणालो होतो, हे प्रकरण वर्षभर टिकलं तर मिशा काढीन. टिकलं. मिशा शाबूत आहेत, कारण तेव्हा माझं कोणी ऐकत नव्हतं. उलट मालकीणबाईंनी खिडक्यांच्या पडद्यांची ऑर्डर मलाच दिली.

आमच्या धंद्यात मी शिवतो आणि ही बोलते. मापं घेणं, गिऱ्हाइकाच्या गळ्यात महागाचं कापड मारणं, पडदा लागला की लांब उभं राहून "अहो, तिरका दिसतोय" म्हणत माझा जीव खाणं, सगळं बायकोचं खातं. मध्यंतरी हिच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय धड राहिले, बोलणंही सुधारलं, पण डावा ओठ काही केल्या ऐकेना. खाताना त्या बाजूने घास ओघळतो, पाणी गळतं. डॉक्टर म्हणाले, आता एवढं राहणारच. तेव्हापासून ही स्वयंपाकघराचं दार लावून एकटी जेवते आणि मी बाहेर टेबलाशी एकटा. रिकाम्या खुर्च्या माझ्याकडे बघतात, मी भाजीकडे बघतो.

मीही काही कमी उपद्व्याप केले नाहीत. प्यायला नळ्या आणल्या, पोळीचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे केले, जरा ओघळलं की रुमाल घेऊन धावलो. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून हिने तो रुमाल माझ्याच अंगावर फेकला.

त्यातच लेकीचं लग्न ठरलं. येत्या रविवारी व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदा घरी जेवायला येणार. हिने जाहीर करून टाकलं, "स्वयंपाक सगळा मी करीन. जेवायला बसणार नाही. सांगा, पोट बिघडलंय." लेक फोनवर ढसाढसा रडली. आई बसणार नसेल तर जेवणच नको, म्हणाली. मायलेकी दोघी हट्टाला पेटलेल्या आणि मधल्या मधे माझं भरीत.

पडदे लावायच्या दिवशी ही बरोबर आली, कारण माझ्या डोळ्यांवर हिचा काडीचा विश्वास नाही. मी शिडीवर, ही खाली. टेबलं इतकी खेटून की शिडी सरकवायची म्हटलं तर कोणाला तरी उठवावं लागे. आतून दालचिनीचा वास असा येत होता की माझं लक्ष कड्यांवर राहीना.

काम उरकून खाली उतरतोय तोच मालकीणबाईंनी एक टेबल पुसून दोन वाडगे आणून ठेवले. "हात धुवा आणि बसा."

"नको, नको, आम्ही जेवूनच निघालोय," ही म्हणाली. धडधडीत खोटं.

"ताई, सकाळपासून उकळतंय ते. गार झालं की मला राग येतो," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून उभ्याच राहिल्या. आता बसण्यावाचून इलाज नव्हता.

वाडगा कसला, घंगाळच! कोंबडीचा रस्सा, त्यात हातभर लांब तांदळाच्या शेवया, वर कांद्याची पात. शेजारी ताटलीत कच्चा पाला, लिंबू, मिरची. आपापल्या चवीने घालून घ्यायचं. ओघळायला याच्याइतकं सोयीचं खाणं जगात दुसरं नसेल. हिने हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच. म्हटलं, झालं, आता ही उठते.

पण ही आजूबाजूला बघत होती. शेजारी एक साहेब टाय खांद्यावर टाकून वाडग्यात डोकं घालून बसले होते आणि सुर्र सुर्र आवाज करत शेवया ओढत होते. पलीकडे एक जाडजूड बाई. शेवयांचं एक टोक तोंडात, दुसरं वाडग्यात, हनुवटीवरून रस्सा चाललेला, आणि तशीच ती खुशाल नवऱ्याला झापत होती. तिच्याकडे ढुंकून कोणी बघत नव्हतं.

"असंच खातात?" हिने विचारलं.

"मग कसं खाणार?" मालकीणबाई म्हणाल्या. "न सांडता खाणारा अजून मी तरी पाहिला नाही. आणि आवाज आला नाही की मला वाटतं, आवडलं नाही."

मी ऐटीत वाडग्याशेजारच्या, चमच्याऐवजी ठेवलेल्या दोन काड्या उचलल्या. शेवया धरल्या, निसटल्या, पुन्हा धरल्या, आणि तोंडाशी येता येता सगळा भारा धपकन खाली. रस्सा माझ्या मिशांवर, चष्म्यावर आणि थेट हिच्या कपाळावर.

ही हसली. अर्ध्या तोंडाने, पण खदाखदा. "अहो, माझं निदान अर्धं तोंड चालतंय. तुमचं काय झालं?"

किती दिवसांनी हिने मला असं धुतलं! इतकं बरं वाटलं की चष्मा पुसायचंही सुचेना.

मग हिने लिंबू पिळलं, मिरची टाकली, वाडगा पुढे ओढला आणि जी सुरू झाली ती थांबेना. ओघळत होतं, डाव्या बाजूने चांगलंच ओघळत होतं. माझा हात सवयीने रुमालाकडे गेला.

"राहू द्या तो," ही म्हणाली. "सगळं झाल्यावर एकदाच पुसू. आधी मला पोटभर खाऊ द्या."

मी गुपचूप हात मागे घेतला. समोरासमोर बसून जेवलो आम्ही, एकमेकांच्या देखत. तोंडाला अशी चव आली म्हणून सांगू! शेवटी हिने वाडगाच तोंडाला लावला, थोडं प्यायली, थोडं सांडलं. मग स्वतः रुमाल मागून घेतला, तोंड पुसलं आणि माझ्या मिशांत अडकलेली पातही काढून टाकली.

"फोन द्या इकडे."

लेकीला लावला. मला वाटलं, आता मायलेकी रडणार. छे!

"ऐक गं. रविवारी मी जेवायला बसणार आहे. विहीणबाईंच्या अगदी समोर. बघू देत काय बघायचं ते एकदाच. आणि रस्सा चांगला पातळ करणार आहे मी. सगळ्यांचंच सांडू दे."